हलकेपणाचा हिशेब

जुन्या घडणीची, दोन माणसांची, उघडी आणि हलकी शर्यती मोटार विजेवर चालवावी, अशी कल्पना अलीकडच्या काळात अनेक कारखान्यांनी उचलून धरली आहे. गोलसर दिवे, लांब नाक, आखूड शेपूट, छप्पर नाही, आणि आत मात्र इंजिनाऐवजी विद्युत-मोटर असे या गाडीचे स्वरूप असते. पहिल्या दृष्टीला या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. घडण आजोबांच्या काळातली आणि शक्ती नातवाच्या काळातली! परंतु इतिहास पाहिला तर हा विरोध फारसा खरा नाही असे दिसून येते. विजेची मोटारगाडी ही पेट्रोलच्या मोटारीइतकीच जुनी आहे, आणि तिच्यापुढे आज जो प्रश्न उभा आहे तोच सव्वाशे वर्षांपूर्वीही उभा होता. तो प्रश्न वजनाचा आहे.

ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातील पहिली मोटारगाडी विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर या ठिकाणी कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने तिच्यातून ताशी १०५.८८ किलोमीटर हा वेग गाठला. ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’, असे तिचे नाव होते. हवेला कमी अडथळा व्हावा म्हणून तिला पाणतीरासारखा निमुळता आकार दिलेला होता, आणि वजन कमी राहावे म्हणून तिची काया ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूची केली होती. असे असूनही तिचे वजन सुमारे १,४५० किलो भरले, आणि त्यातील जवळजवळ निम्मा वाटा शिशाच्या बॅटऱ्यांचा होता. शिवाय निमुळत्या कायेतून चालक कमरेपासून वर बाहेर डोकावत असे आणि चाके खाली उघडीच होती. त्यामुळे आकाराचा बराचसा लाभ वाया जात असे. जड बॅटरी, तिची भरपाई करणारी हलकी काया, आणि उघड्या बैठकीमुळे वाढणारा हवेचा अडथळा, हे तिन्ही घटक याप्रमाणे पहिल्याच विक्रमी गाडीत एकत्र आलेले आढळतात.

बॅटरी इतकी जड का असते, हे समजून घेणे अवघड नाही. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा साठवलेली असते. (एक युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलात मोजले जाते ते, एक किलोवॅट-तास.) आजच्या लिथियम बॅटरीच्या तयार पेटीत दर किलोमागे सुमारे ०.१५ युनिट, तर शिशाच्या बॅटरीत अवघे ०.०३ ते ०.०४ युनिट मावते. विद्युत-मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते, पेट्रोलचे इंजिन साधारण चौथाईच पोहोचवते, हे खरे. पण या गुणामुळेही एवढी मोठी तफावत भरून निघत नाही. यातून एक दुष्टचक्र निर्माण होते. गाडीने दूर जावे म्हणून बॅटरी मोठी करावी, तर गाडी जड होते. जड गाडीला भक्कम सांगाडा, रुंद चाके आणि मोठे ब्रेक लागतात. त्यांनी वजन आणखी वाढते, आणि तेवढेच अंतर तोडण्यास पुन्हा बॅटरी मोठी करावी लागते. या चक्रातून सुटण्याचा मार्ग म्हणजे ते उलटे फिरवणे. गाडी आधी हलकी करावी, म्हणजे बॅटरी लहान पुरते, आणि लहान बॅटरीमुळे गाडी आणखी हलकी होते.

जुन्या छोट्या शर्यती गाड्यांचे आकर्षण येथे उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कारखान्याने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही गाडी बाजारात आणली. तिचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास होते. तिच्यात दारे, छप्पर, गाद्या यांपैकी जे नसले तरी चालेल ते ठेवलेलेच नव्हते. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम हा कारखाना करीत आला आहे, आणि २०२३ मध्ये त्याने तिची विजेवर चालणारी प्रायोगिक आवृत्ती जाहीर केली. तिचे वजन ७०० किलोंच्या आत ठेवण्याचे ठरले होते, आणि कसोटीही मोठी मासलेवाईक होती: शर्यतीच्या मार्गावर वीस मिनिटे पळावे, पंधरा मिनिटांत बॅटरी भरून घ्यावी, आणि पुन्हा वीस मिनिटे पळावे. लांबच्या प्रवासाचा हट्ट सोडल्यामुळेच तिला हलके राहणे शक्य झाले.

ज्यांनी हा हट्ट सोडला नाही त्यांना किती किंमत मोजावी लागली, हे अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या पहिल्या गाडीवरून कळते. २००८ पासून विकली गेलेली ही ‘रोडस्टर’ लोटसच्याच ‘एलिस’ या गाडीच्या आधारे तयार केली होती. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटद्रव्याने सांधून केलेला एलिसचा सांगाडा अवघा ६८ किलोंचा होता, आणि १९९६ मध्ये आलेली मूळ गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. रोडस्टरमध्ये ६,८३१ लहान घटांची मिळून सुमारे ४५० किलोंची बॅटरी बसली, काया कार्बन तंतूंची करूनही वजन बाराशे किलोंच्या वर गेले. एका भरणात ती सुमारे ३९० किलोमीटर जाऊ शके. आपल्याकडे बंगलोरला तयार झालेली आणि २००१ मध्ये विक्रीस आलेली ‘रेवा’ ही याच्या अगदी उलट टोकाची गाडी म्हणता येईल. तिची काया प्लॅस्टिकची होती, बॅटऱ्या शिशाच्या, आणि पल्ला सुमारे ८० किलोमीटर. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने तो कारखाना आपल्याकडे घेतला. रेवा रायपूरहून निघाली तर राजनांदगाव ओलांडून थोड्याच अंतरावर थांबली असती.

रायपूरचा उल्लेख आला आहे, तेव्हा त्याच रस्त्यावर हा हिशेब थोडा बारकाईने मांडून पाहू. रायपूरहून दुर्ग, राजनांदगाव, भंडारा या मार्गाने नागपूर सुमारे २९० किलोमीटर आहे, आणि रस्ता बव्हंशी सपाट आहे. समजा, चालकासह ८०० किलो वजनाची उघडी, जुन्या घडणीची विद्युत-मोटार ताशी ८० किलोमीटर या स्थिर वेगाने निघाली. तिला दोन अडथळ्यांशी झगडावे लागते. पहिला टायर आणि रस्ता यांच्यामधला. तो वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे येथे ८ किलो वजन उचलण्यास लागेल तेवढा जोर. दुसरा अडथळा हवेचा. उघडी बैठक, बाहेर आलेली चाके आणि उभी काच यांमुळे या गाडीला तो सुमारे २७ किलोंएवढा होतो. एकूण झाले ३५.

आता तिच्या शेजारी १,६०० किलोंची, छप्पर असलेली, आजच्या निमुळत्या आकाराची विद्युत-मोटार ठेवू. रस्त्याचा अडथळा दुप्पट म्हणजे १६. पण हवेचा मात्र सुमारे २०. एकूण ३६! हलकी गाडी वजनाने निम्मी असूनही नागपूरपर्यंत दोघींना जवळपास सारखीच वीज लागते, सुमारे ३२ ते ३३ युनिट. वेग ताशी १०० किलोमीटर केला, तर हलक्या उघड्या गाडीचा अडथळा ५० आणि जड बंद गाडीचा ४७ होतो. म्हणजे पारडे उलटते. कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वजनाचा अडथळा वेगाबरोबर फारसा वाढत नाही. उलट शहरातल्या ताशी ४० किलोमीटर वेगाला हलक्या गाडीचा अडथळा १५ आणि जड गाडीचा २१ इतका असतो. शहरात वारंवार थांबावे लागते, आणि प्रत्येक वेळी नव्याने वेग घेण्यास जड गाडीला दुप्पट ऊर्जा लागते. त्यातली काही ब्रेक लावताना मोटर परत मिळवते, पण सगळी नव्हे.

यावरून जुन्या घडणीत घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, याचा निवाडा करता येतो. हलकेपणा घ्यावा, उघडेपणा सोडावा. त्याच ८०० किलोंच्या गाडीला छप्पर आणि नीट निमुळता आकार दिला तर ताशी ८० किलोमीटरला एकूण अडथळा ३५ वरून सुमारे २४ वर येतो, आणि नागपूरचा प्रवास सुमारे २२ युनिटांत होतो. बॅटरी २१० किलोंऐवजी १५० किलोंची पुरते. एका माणसाचे वजन वाचते. (वाटेत राखीव म्हणून ठेवायची ऊर्जा येथे धरलेली नाही.) शिशाच्या बॅटऱ्या वापरल्या तर उघड्या गाडीला याच प्रवासासाठी सुमारे ९०० किलो बॅटऱ्या लागतील, म्हणजे स्वतःच्या वजनाहून अधिक. लिथियमपूर्वी अशा गाड्या लांबच्या प्रवासाला का निघाल्या नाहीत, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

जुना म्हणजे केवळ १९५० नंतरचा उघडा आकार, असे मात्र समजू नये. त्याआधी १९३०च्या दशकात जर्मनीतील विक्रमी गाड्यांची काया चाकांसह सर्व बाजूंनी झाकून घेत, आणि १९३७ मध्ये बर्न्ट रोझेमायर यांनी अशाच एका गाडीतून सार्वजनिक रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरचा वेग ओलांडला होता. मुंबईच्या वझीरानी ऑटोमोटिव्ह या संस्थेने २०२१ मध्ये दाखवलेली ‘एकॉन्क’ ही विद्युत-मोटार या वळणाची आठवण करून देते. तिची काया कार्बन तंतूंची असून वजन ७३८ किलो असल्याचे संस्थेने सांगितले. मध्य प्रदेशात पीथमपूर येथील चाचणी-मार्गावर तिने ताशी ३०९ किलोमीटर वेग गाठल्याचेही जाहीर केले. बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवपदार्थ, त्याच्या नळ्या आणि पंप यांचा पसारा टाळून हवेवरच भिस्त ठेवली, आणि त्यामुळे वजन वाचले, असा तिच्या कर्त्यांचा दावा आहे. अशी गाडी सर्वसामान्यांच्या उपयोगाची नाही, हे उघड आहे. परंतु हलकी काया आणि झाकलेला आकार यांची सांगड एकाच गाडीत घालता येते, एवढे तिच्यावरून समजते.

हलकेपणा फुकट मिळत नाही. याची जाणीव छत्तीसगडइतकी दुसरीकडे क्वचितच होईल. रायपूरच्या पश्चिमेस तीसेक किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. उत्तरेकडे कोरब्याला १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एकतृतीयांश. म्हणून पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरणे हा गाडी हलकी करण्याचा रूढ उपाय ठरला. परंतु हा धातू खनिजातून विजेच्या साहाय्याने मुक्त करावा लागतो, आणि किलोमागे सुमारे १४ युनिट वीज खर्ची पडते. एका गाडीची २०० किलोंची पोलादी काया काढून १२० किलोंची ॲल्युमिनियमची घातली, तर जवळजवळ १,७०० युनिट लागले. आपल्या उघड्या गाडीच्या रायपूर-नागपूर अशा पन्नासहून अधिक फेऱ्यांची ही वीज आहे. उलट वाचलेल्या ८० किलोंमुळे अशा एका फेरीत एक युनिटसुद्धा वाचत नाही. पोलादालाही ऊर्जा लागते आणि शहरात बचत अधिक होते, हे लक्षात घेतले तरी सौदा वाटतो तितका स्वस्त राहत नाही. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर मात्र मूळ विजेच्या विसाव्या हिश्शात काम भागते.

ही वीजही येथे बहुतांशी कोळशातून येते. एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कोळसा जळतो असे धरले, तर उघड्या गाडीच्या नागपूर-प्रवासासाठी कोरब्यासारख्या ठिकाणी सुमारे २२ किलो, आणि झाकलेल्या हलक्या गाडीसाठी सुमारे १५ किलो कोळसा लागेल. गाडीच्या मागे धूर दिसत नाही, याचा अर्थ तो नाही असा नव्हे. हसदेव अरण्यातील खाणींविषयी जो वाद कित्येक वर्षे चालू आहे, त्याचा एक धागा अशा लहान लहान हिशेबांपर्यंत येऊन पोहोचतो.

तेव्हा हलकेपणा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. महाग पदार्थ वापरून तीच मोठी गाडी हलकी करावी, हा एक. आणि गाडीत मुळातच कमी घालावे, हा दुसरा. १९५७ ची ती छोटी गाडी दुसऱ्या मार्गाने हलकी झाली होती. रायपूरच्या रस्त्यांवर धावणारी ई-रिक्षाही त्याच मार्गाची आहे. २०१४ च्या नियमांनुसार तिला ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग आणि चाराहून अधिक प्रवासी घेता येत नाहीत, आणि मोटरची शक्ती दोन किलोवॅटच्या आत असावी लागते. वेग कमी असल्यामुळे हवा तिला जवळजवळ अडवत नाही, आणि शिशाची जड बॅटरीही तिला परवडते. शर्यती गाडी आणि ई-रिक्षा यांचा दर्जा वेगळा, किंमत वेगळी, हेतू वेगळा. पण कोठवर जायचे, किती वेगाने, आणि सोबत किती ओझे घेऊन, या तीन प्रश्नांची उत्तरे दोघींनाही आधी द्यावी लागतात. ती उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यानंतरच बॅटरीचा आकार ठरवावा. दिव्यांची गोलाई आणि नाकाची लांबी त्यानंतर आवडीप्रमाणे निवडता येते.