ठेव विमा व पतहमी महामंडळ

ठेव विमा व पतहमी महामंडळ (डीआयसीजीसी) ही भारतातील बँकांमधील ठेवींना विमासंरक्षण देणारी वैधानिक संस्था आहे. तिचे ५० कोटी रुपयांचे भागभांडवल संपूर्णपणे भारतीय रिझर्व्ह बँकेचे असून मुख्य कार्यालय मुंबईत आहे. १९६१ च्या ठेव विमा कायद्यानुसार १ जानेवारी १९६२ पासून तिचे कामकाज सुरू झाले. आज एका बँकेतील एका ठेवीदाराला व्याजासह जास्तीत जास्त ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. महामंडळ बँकांवर देखरेख करीत नाही, परवाना देत नाही आणि रद्दही करीत नाही. बँक बुडाल्यावर किंवा तिच्यावर निर्बंध आल्यावर पैसे देणे हे त्याचे काम होय. वृत्तपत्रांतील बातम्यांमधून रिझर्व्ह बँकेचे अधिकार आणि महामंडळाचे अधिकार यांची पुष्कळदा सरमिसळ होते.

पार्श्वभूमी

ठेवींच्या विम्याची कल्पना भारतात प्रथम गांभीर्याने चर्चेत आली ती १९४८ मधील बंगालच्या बँकांच्या पडझडीनंतर. १९५० मध्ये ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने तिला अनुकूलता दर्शविली. परंतु निर्णय दहा वर्षे लांबला. १९६० मध्ये महाराष्ट्रातील अकोल्याची लक्ष्मी बँक आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक बंद पडली, तेव्हा मात्र विलंबाला जागा उरली नाही. २१ ऑगस्ट १९६१ रोजी विधेयक संसदेत मांडले गेले व ७ डिसेंबर १९६१ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. अमेरिकेत अशी संस्था १९३३ पासून होती; भारतीय कायदा करताना तो अनुभव समोर होता.

आरंभी केवळ व्यापारी बँकांचा समावेश होता. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांचा मार्ग खुला झाला आणि १९७१ पासून त्या प्रत्यक्षात विम्याखाली येऊ लागल्या. त्याच वर्षी लहान कर्जदारांच्या कर्जांना हमी देण्यासाठी पतहमी महामंडळ ही वेगळी कंपनी स्थापन झाली होती. १५ जुलै १९७८ रोजी दोन्ही संस्था एकत्र होऊन सध्याचे नाव रूढ झाले. पतहमीच्या योजनांतून बँका पुढे क्रमाने बाहेर पडल्या, त्यामुळे नावातील तो भाग आता जवळजवळ नावापुरताच राहिला आहे.

संचालक मंडळ

महामंडळाचा कारभार संचालक मंडळाकडे असतो. कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे मंडळाची मंजूर सदस्यसंख्या बारा आहे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेले उपगव्हर्नर, हे अध्यक्ष असतात. प्रत्यक्षात हे पद उपगव्हर्नरांकडेच राहत आले आहे. रिझर्व्ह बँकेचा आणखी एक अधिकारी आणि केंद्र शासनाचा एक अधिकारी मंडळावर असतो. उरलेल्या नऊ जणांना केंद्र शासन रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून नामनिर्देशित करते. त्यांपैकी पाच जणांचा एक गट असून त्यातील तिघे व्यापारी बँकिंग, विमा, व्यापार, उद्योग वा वित्त या विषयांचे जाणकार, तर दोघे सहकारी बँकिंग किंवा सहकारी चळवळीचा अनुभव असलेले असावे लागतात. या पाचांपैकी कोणीही शासनाचा, रिझर्व्ह बँकेचा वा महामंडळाचा नोकर असता कामा नये, तसेच कोणत्याही बँकेचा संचालक किंवा कर्मचारीही असता कामा नये. उर्वरित चौघांसाठी लेखाशास्त्र, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार, कायदा, लघुउद्योग अशा विषयांचे ज्ञान अपेक्षित आहे.

ही रचना बारकाईने पाहिली म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्या बँकांच्या हप्त्यावर महामंडळ चालते त्या बँकांना मंडळापासून दूर ठेवण्याची दक्षता कायद्याने घेतली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या ठेवीदाराचा म्हणून एकही प्रतिनिधी मंडळावर नाही. निवडणूकही नाही, सर्व सदस्य पदसिद्ध किंवा नामनिर्देशित. राज्य शासनांनाही स्वतंत्र जागा नाही, जरी बुडालेल्या बँकांमध्ये राज्य सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या बँकांची संख्या फार मोठी असली तरी.

अधिकारांची मर्यादा

अमेरिकेतील ठेव विमा संस्था बँकांची तपासणी करते आणि बुडालेल्या बँकेचा ताबाही स्वतः घेते. भारतीय महामंडळाला हे अधिकार नाहीत. नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँक रद्द करते, अवसायकाची नेमणूक राज्याचे सहकार निबंधक करतात, आणि अवसायकाने पाठविलेल्या यादीप्रमाणे महामंडळ पैसे देते. हप्ता भरण्यात सातत्याने कसूर करणाऱ्या बँकेची नोंदणी रद्द करणे, हे त्याच्या हातातील एकमेव मोठे शस्त्र. पण ते चालविले तर फटका बसतो तो ठेवीदारालाच.

सहकारी बँकांच्या बाबतीत कायद्याने एक अट घातलेली आहे. संबंधित राज्याने आपल्या सहकारी कायद्यात, रिझर्व्ह बँकेच्या पूर्वसंमतीशिवाय बँकेचे विलीनीकरण वा अवसायन होणार नाही आणि रिझर्व्ह बँकेने सांगितल्यास निबंधकाला संचालक मंडळ बरखास्त करावे लागेल, अशी तरतूद केली असली पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ११०अ त्यासाठीच आहे. मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन तेथे प्रशासक आले, ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरूनच.

विम्याचा हप्ता बँकेनेच भरावयाचा असतो. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. एप्रिल २०२० पासून दर शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला १२ पैसे असा सर्व बँकांना समान दर होता. सुव्यवस्थित बँकेने आणि डळमळीत बँकेने सारखाच हप्ता का भरावा, हा जुना आक्षेप. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जोखमीनुसार हप्ता आकारण्याचे धोरण जाहीर केले. हप्त्यांतून साठलेला ठेव विमा निधी मार्च २०२५ अखेर दोन लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

संरक्षणाची व्याप्ती

१९६२ मध्ये मर्यादा १,५०० रुपये होती. १९६८ मध्ये ती ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,००० आणि १९८० मध्ये ३०,००० रुपये झाली. १ मे १९९३ पासून ती एक लाखावर गेली आणि तेथे जवळजवळ सत्तावीस वर्षे अडकून पडली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. देशातील सुमारे ९८ टक्के खाती या मर्यादेत पूर्णपणे बसतात. मात्र रकमेचा हिशेब केला तर निम्म्याहून कमी ठेवींनाच संरक्षण आहे.

मर्यादा शाखेला नसून बँकेला लागू असते. एखाद्याचे एकाच बँकेच्या विश्रामबाग शाखेत तीन लाख व गणपती पेठेतील शाखेत चार लाख असतील, तर संरक्षण सात लाखांना नव्हे, पाच लाखांनाच. दोन निराळ्या बँकांत हीच रक्कम असती तर ती पूर्ण सुरक्षित राहिली असती. ठेवीदाराने त्या बँकेचे कर्ज घेतले असल्यास ते आधी वजा होते.

पूर्वी बँकेवर निर्बंध आले तरी परवाना रद्द होईपर्यंत विम्याचा पैसा मिळत नसे, आणि ही प्रतीक्षा वर्षानुवर्षे चाले. २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८अ नुसार निर्बंध लागू झाल्यापासून ९० दिवसांत रक्कम देणे बंधनकारक झाले: पहिले ४५ दिवस बँकेने यादी देण्यासाठी, उरलेले महामंडळाने पडताळणी व प्रदान करण्यासाठी.

सार्वजनिक निधीच्या ठेवी

केंद्र शासन, राज्य शासन व परकीय शासने यांच्या ठेवींना, तसेच एका बँकेने दुसरीत ठेवलेल्या रकमेला हा विमा लागू नाही. महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, विद्यापीठ यांच्या ठेवी अशा वगळलेल्या नाहीत. पण त्यांचा लाभ केवळ तत्त्वतःच आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका असो वा एखादी छोटी ग्रामपंचायत, प्रत्येकीचे संरक्षण पाच लाखांचेच. कोट्यवधी रुपयांच्या मुदतठेवीपुढे ही रक्कम नगण्य ठरते. उरलेल्या रकमेसाठी संस्थेला अवसायकाकडे पाहत बसावे लागते, आणि कर्जांची वसुली होऊ लागली की अवसायकाला प्रथम महामंडळाची देणी परत करावी लागतात. नागरिकांच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पैशांचे खरे संरक्षण, ते कोठे ठेवायचे हे ठरविणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या सारासार विचारातच असते.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात केवळ सार्वजनिक निधीच्या ठेवींसाठी वेगळे मंडळ व वेगळा विमा निधी आहे. महाराष्ट्रात असे मंडळ नाही; शासन निर्णयांद्वारे वेळोवेळी बँका ठरवून दिल्या जातात. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले, त्या वेळी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे नऊशे कोटींहून अधिक रुपये तेथे होते. निर्बंध त्याच महिन्यात उठले व पैसे वाचले. दरम्यान राज्याच्या वित्त विभागाने शासकीय कार्यालये व सार्वजनिक उपक्रम यांना खाती राष्ट्रीयीकृत बँकांत नेण्यास सांगितले होते.

सातारा व सांगली जिल्हे

सहकाराचे जाळे दाट असल्याने या दोन जिल्ह्यांत महामंडळाचे नाव सामान्य माणसाच्याही कानी पडलेले आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत आणि १९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तेथे ठेवी नव्या बँकेकडे गेल्याने विम्याचा प्रश्नच आला नाही. सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ मध्ये रद्द झाला, तेव्हा मर्यादा एक लाखाची होती. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला तोवर ती पाच लाख झालेली होती, आणि ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जाहीर केले. वाईच्या हरिहरेश्वर सहकारी बँकेवर हीच वेळ जुलै २०२३ मध्ये आली. अकरा वर्षांच्या अंतराने बुडालेल्या सांगली व कराडच्या बँकांच्या ठेवीदारांना कायद्याने मिळालेला आधार इतका वेगळा होता.

नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका व राज्य सहकारी बँक या विम्याखाली येतात. पतसंस्था व गावोगावच्या विकास सोसायट्या मात्र येत नाहीत. त्यांच्या फलकावर क्वचित ‘बँक’सदृश शब्दयोजना आढळते व ठेवींवरील व्याजदरही बहुधा अधिक असतो, परंतु त्यांतील ठेवींना महामंडळाकडून एक रुपयाचेही संरक्षण नाही. विमा असलेल्या बँकेला महामंडळ विमासंरक्षणाचे माहितीपत्रक दर्शनी भागी लावण्यासाठी देते, आणि विमाधारक बँकांची यादी महामंडळ स्वतः प्रसिद्ध करते.