समुद्र मागे राहिला की व्यायाम का सुटतो

श्रीवर्धनची माणसं पूर्वीपासून पोटासाठी बाहेर पडत आली, पण मुंबई काय किंवा आखात काय, तिथली हवा ओळखीची होती. घाम येणारच, हे गृहीत. आताची पिढी पुण्याला शिकते आणि तिथून लंडनला, टोरांटोला जाते. मग डिसेंबरात फोनवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "इकडे व्यायाम होतच नाही गं आई, थंडीच एवढी आहे." आईलाही ते पटतं, कारण तिच्या हिशेबी थंडी म्हणजे आजारपण. कारण इतकं उघड वाटतं की ते कुणी तपासून बघत नाही. बघायला हवं, कारण त्या एका वाक्यात बऱ्याच समजुती दडलेल्या आहेत. काही अर्ध्या खऱ्या, काही साफ खोट्या.

गैरसमज: तिकडे गेल्यावर माणूस आळशी होतो, इच्छाशक्तीच संपते.

मुळात गावी असताना ही इच्छाशक्ती किती वापरली जात होती? श्रीवर्धनची पुळण सुमारे तीन किलोमीटर लांब. संध्याकाळी ओहोटी असली की ओल्या वाळूवर क्रिकेट सुरू, कबड्डी सुरू. पोरं हाक मारायला दारात येणार. सकाळी जीवना बंदरावर मासळीला चालत जायचं. सुपारीची वाडी असेल तर शिंपणं, झावळ्या ओढणं, पडलेली सुपारी वेचणं ही कामं चुकत नाहीत. दिवसभरात अंग भरपूर हलतं, पण त्याला व्यायाम कुणी म्हणत नाही आणि त्यासाठी कुणी मन घट्ट करत नाही. वेळ भरती-ओहोटी ठरवते, सोबत आळी पुरवते.

शिकागोत किंवा लीड्समध्ये गेलेल्या मुलाची ही सगळी मांडणी मागे राहते. आत्तापर्यंत आपोआप होत होतं ते आता ठरवून करावं लागतं, आणि दोष मात्र थंडीला किंवा स्वभावाला लागतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही पाहणं अशा त्या सवयी होत्या. नव्या जागी आजूबाजूची परिस्थिती जुन्यासारखी असेल तर सवय टिकत होती, परिस्थिती बदलली तर ती मोडत होती. यात हवामानाचा संबंधही नव्हता. श्रीवर्धनहून कोचीला गेलेल्याचाही व्यायाम सुटू शकतो. तिथे फक्त बोट दाखवायला थंडी सापडत नाही.

म्हणून जोश आणणारे व्हिडिओ पाहून फार काही हाती लागत नाही, असं माझं मत आहे. हाक मारणारा माणूस पुन्हा शोधावा. शनिवार सकाळचं बॅडमिंटन, बस एक थांबा अलीकडे सोडून चालत घरी येणं, शेजाऱ्याच्या कुत्र्याला फिरवायची जबाबदारी, काहीही चालेल. अट एवढीच, की आपण गेलो नाही तर दुसऱ्या कुणाचा तरी खोळंबा झाला पाहिजे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. आपली माणसं तिथे जवळजवळ शंभर हिवाळे काढून आहेत, तेव्हा हाक मारायला कुणी मिळणार नाही असं नाही.

गैरसमज: एकवीस दिवस नेटानं केलं की सवय लागते.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' पुढे गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट सूर्यनमस्कारांना लागू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं, हेही त्यात दिसलं. ऑक्टोबरात सुरू करून नोव्हेंबरात 'माझ्याच्यानं होत नाही' म्हणणाऱ्यानं हे आकडे जरूर पाहावेत.

गैरसमज: आपलं शरीर उष्ण हवेचं, थंडीत कष्ट करणं त्याला मानवत नाही.

खरं तर मेहनतीच्या कामाला उष्ण, दमट हवाच जास्त छळते. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य उपाय घामाचा. मे महिन्यात किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की घाम सुकत नाही, नुसता गळतो. थंड हवेत हीच उष्णता सहज निघून जाते. लांब पल्ल्याच्या धावण्याला साधारण ५ ते १२ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानतात. केल्व्हिन किप्टमनं मॅरेथॉनचा २ तास ३५ सेकंदांचा विक्रम केला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, शिकागोच्या गार हवेत. तो केनियाचा, म्हणजे विषुववृत्ताजवळचा. 'उष्ण प्रदेशातलं शरीर' या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आणि आपल्याच गावचा दाखला हवा असेल तर श्रीवर्धनच्या देशमुखीच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पेशवे १७१९ च्या फेब्रुवारीत फौजेसह दिल्लीत होते. तिथल्या हिवाळ्याची ओळख त्यांना समुद्रकाठी नक्कीच झाली नसणार.

थंडीत कष्ट मानवत नाहीत या समजुतीत खरं एवढंच, की पहिली दहा मिनिटं नकोशी वाटतात. स्नायू आखडलेले असतात, सांधे कुरकुरतात. त्यावर उपाय घरातच आहे. दाराबाहेर पडण्याआधी आठ-दहा मिनिटं हातपाय हलवून अंग तापवावं, जिना चढउतार करावा. बाहेर पडल्यावर जरा गार वाटलं पाहिजे. दारातच ऊब वाटली तर कपडे जास्त झालेत असं समजावं.

गैरसमज: अंगावर जाड स्वेटर चढवला की झालं.

एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. अंगालगतचा कपडा घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला लोकरीचा किंवा फ्लीसचा, वरचा वारा अडवणारा. अंग तापलं की एकेक उतरवता येतो. किनाऱ्यावर वाढलेल्यांचा हात सुती बनियनकडे जातो, कारण आपल्या हवेत सुतासारखं सुख नाही. थंडीत तेच सूत वैरी होतं. ते घाम धरून ठेवतं, आणि थांबल्याबरोबर ओलं कापड अंगातली ऊब शोषून घेतं. कानटोपी आणि हातमोजे मात्र हवेतच. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे खरं नाही. उघड्या डोक्यातून साधारण सात ते दहा टक्केच जाते. तरी कान आणि बोटं आधी गारठतात, म्हणून ती झाकायची.

गैरसमज: गार हवा आत गेली की फुप्फुसं गारठतात, छाती भरते.

श्वासातली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतून जाताना गरम आणि ओली होते. फुप्फुसांच्या खोल भागात पोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाला आलेली असते, त्यामुळे फुप्फुस गोठत वगैरे नाही. सर्दीही विषाणूमुळे होते, चालायला गेल्यामुळे नव्हे. हिवाळ्यात माणसं खिडक्या लावून एकत्र कोंडून बसतात, हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण.

पण आईची काळजी सगळीच खोटी नाही. थंड हवा कोरडी असते आणि जोरात श्वास घेतला की श्वासनलिका कोरड्या पडतात. दमा असलेल्यांच्या त्या आकसतात, छातीत शिट्टी वाजते. बर्फावर लांब अंतर स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंमध्ये दम्याचं प्रमाण जास्त आढळतं, ते यामुळेच. नाका-तोंडावरून मफलर घेतला तर श्वासातलाच ओलावा परत मिळतो. दमा असेल तर इनहेलर कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारूनच बाहेर पडावं.

हृदयाचंही तसंच. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. चालण्याची सवय असलेल्याला त्याचं काही वाटत नाही. मात्र रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसानं घराबाहेरचा बर्फ फावड्यानं उपसायला एकदम भिडणं धोक्याचं. मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांना नेमकं हेच काम हौसेनं करावंसं वाटतं.

गैरसमज: दोन घोट ब्रँडी घेतली की अंग गरम राहतं.

वाटतं गरम, होतं गार. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. व्यायामाआधी तर मुळीच नको.

गैरसमज: घाम नाही, तहान नाही, म्हणजे पाणी नको.

कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, तोंडातून निघणाऱ्या वाफेतूनही पाणी जातं. थंडीत लघवी जास्त होते आणि तहान कमी लागते. तहानेवर विसंबू नये. कोमट पाणी बरोबर ठेवावं.

गैरसमज: त्रास थंडीचाच आहे.

अंधाराचा हिशेब कुणी करत नाही. श्रीवर्धन १८ अक्षांशावर. तिथे वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो, आणि मोठ्या-लहान दिवसांत फरक दोन तासांच्या आसपास. टोरांटोत डिसेंबरचा दिवस नऊ तासांहून कमी, लंडनमध्ये आठ तासांहून कमी. लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. मरगळ, जास्त झोप, गोड खाण्याची इच्छा हे सगळं दरवर्षी ठरावीक ऋतूत येत असेल तर त्याला वैद्यकात ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली त्याचं वर्णन केलं. त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपचार दिला जातो. ऑफिसातला उजेड तीनशे ते पाचशे लक्स असतो, तर ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट.

म्हणून तिकडे संध्याकाळच्या फेरफटक्याचा हट्ट सोडावा. गावी संध्याकाळच सोयीची होती, तिथे जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं सोन्यासारखी. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं असं सांगते, आणि सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर घेण्याचा विचार करावा असं म्हणते. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जावं. 'जरा चालून ये' एवढ्यावर ते भागत नाही.

गैरसमज: बाहेर जाता आलं नाही की जिम लागतेच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम मेहनत आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला. सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यातून काढून टाकली. म्हणजे चार मिनिटांचा जिनाही हिशेबात येतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रचार केला, त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते. बाहेर बर्फाची काच झालेली असेल किंवा वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २७ अंशांच्या खाली असेल, तेव्हा घरातच राहणं शहाणपणाचं. अशा थंडीत उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. तापमान उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर ते उणे २० सारखं लागतं, म्हणून आकडा बघताना वाराही बघावा.

गैरसमज: मे महिन्यात गावी आलो की उन्हाची चिंता नाही, आपण मूळचे इथलेच.

उष्णतेला सरावलेलं शरीर लवकर घाम गाळतं, जास्त गाळतं आणि त्या घामातलं मीठ राखतं. हा सराव व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि उष्णतेपासून दूर गेलं की महिन्याभरात तो बहुतेक उतरतो. जन्मगावाशी त्याचा संबंध नाही. टोरांटोत हिवाळाभर धावून तयार झालेला मुलगा सुट्टीच्या पहिल्याच सकाळी नऊ वाजता पुळणीवर धावायला निघाला, तर चक्कर येण्याचा धोका त्याला वाडीत काम करणाऱ्या त्याच्या काकांपेक्षा जास्त. पहिला आठवडा त्यानं उजाडताना चालावं, धावणं दुसऱ्या आठवड्यात हळूहळू वाढवावं, आणि डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर तिथेच थांबून सावलीत बसावं.