पाण्याकाठची घोणस

दूधगंगेच्या काठी पाणदिवड दिसताच काठ्या घेऊन धावणारे आपले शेतकरी बंधू उसाच्या पाचटावरून मात्र रात्री अनवाणी चालतात, हे नवलच होय. बेडूक व मासे खाणारी पाणदिवड, जिला विरोळा असेही म्हणतात, चिडली तर कडाडून चावते. परंतु तिला विष नाही. आपल्या नद्या-विहिरींत कायम पाण्यातच राहणारा विषारी साप नाही. विषारी समुद्रसर्प आढळतात ते कोकणकिनाऱ्याकडे.

भय आहे ते पाण्याजवळ येणाऱ्या घोणशीचे. कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या भोवताली उसाचा मुलूख आहे. पाटाचा ओलावा, पाचट आणि उंदीर जेथे एकत्र येतात, तेथे घोणस येते. नागही बेडकांच्या मागाने तेथेच पोहोचतो. घोणशीचे अंग जाड, डोके त्रिकोणी व पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. ती अंडी न घालता पिलांना जन्म देते आणि पिलूही जन्मतःच विषारी असते. डिवचल्यास ती कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार काढते. पण पंपाच्या आवाजात तो ऐकू येईलच असे नाही.

वीज रात्रीची मिळाली की दारे धरावयास रात्रीच जावे लागते. तेव्हा गुडघ्यापर्यंतचे गमबूट व बॅटरी हवीच. काठी आपटीत चालावे. पाचटात हात घालू नये. रात्रपाळीहून बांधावरून घरी परतणाऱ्या कामगारांनाही हे लागू आहे.

घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते, दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून रक्त येते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून जखम कापणे, चोखणे वा करकचून दोरी आवळणे घातकच. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाही. अवयव न हलविता रोग्यास निजवून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने कागलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हेही सांगावे की, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात; अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करावयाचा असतो.