मुरुमांवरील प्रकाशोपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंचविशी उलटली, नोकरी स्थिरावली, संसार मांडला, तरी हनुवटीवरची आणि जबड्याच्या कडेची मुरुमे हटण्याचे नाव घेत नाहीत, ही तक्रार आज छत्रपती संभाजीनगरातील पुष्कळ घरांतून ऐकू येते, आणि तीत स्त्रियांचा स्वर पुरुषांहून अधिक असतो. मलमे झाली, गोळ्या झाल्या, आजीने सांगितलेले लेपही झाले, की मग निळ्या-तांबड्या दिव्यांची जाहिरात दृष्टीस पडते आणि मन तिकडे ओढ घेते. या उपायास थोतांड म्हणणे अन्यायाचे होईल, आणि रामबाण म्हणणे फसवणुकीचे. तो एक पूरक उपचार आहे, आणि निदान नीट झाल्यावर, मूळ औषधांच्या जोडीने, त्याचा उपयोग करून घेणाऱ्यासच तो काही देऊन जातो.

गैरसमज : प्रकाशाने त्वचारोग बरा करणे ही ब्यूटी पार्लरांची नवी टूम आहे.

वस्तुस्थिती अशी की, त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा इलाज करणारे डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले होते. आणि आपल्याकडे कोडावर बावची लावून अंग उन्हात धरण्याचा प्रघात त्याहून कितीतरी प्राचीन आहे. मुरुमांच्या बाबतीत या उपायामागील तत्त्वही स्पष्ट आहे. रोमकूपांत वाढणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू पॉर्फिरिन नामक द्रव्ये तयार करतात; सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ही द्रव्ये शोषून घेतात, त्यातून ऑक्सिजनचे अत्यंत क्रियाशील रूप निर्माण होते, आणि त्याच्या माऱ्याने ते जंतू मरतात. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश त्वचेत अधिक खोल उतरतो आणि दाह शमवण्यास साहाय्य करतो. लंडनमधील संशोधकांनी १०७ रुग्णांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, निळा आणि तांबडा प्रकाश एकत्र घेणाऱ्या गटातील सुजलेल्या मुरुमांत १२ आठवड्यांनंतर सरासरी ७६ टक्के सुधारणा आढळली होती.

गैरसमज : दिव्याखाली बसले की मुरुमे मुळासकट जातात.

मुरूम उद्भवते ते चार गोष्टींच्या संयोगाने : तैलग्रंथींचा अतिस्राव, रोमकूपाच्या तोंडाशी साचणारे मृत पेशींचे बूच, जंतूंची वाढ आणि दाह. निळ्या-तांबड्या प्रकाशाचा अंमल मुख्यतः शेवटच्या दोहोंवर चालतो. सबब तांबूस, दुखरी मुरुमे त्याने निवळतात, परंतु काळे-पांढरे बारीक खडे जिथल्या तिथे राहतात, आणि बैठका थांबल्यावर जंतूंची वस्ती पुन्हा वाढू लागते. शिवाय एका प्रयोगाचा निष्कर्ष हा अखेरचा शब्द मानता येत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली ७१ चाचण्यांचा, म्हणजे ४,२११ रुग्णांच्या अनुभवाचा, एकत्रित आढावा घेतला, तेव्हा प्रकाशोपचारांच्या बाजूने उच्च प्रतीचा पुरावा उपलब्ध नाही, असेच तिला नमूद करावे लागले. आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही, लेसर आणि प्रकाशयंत्रांची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

गैरसमज : एलईडी, लेसर, फोटोडायनॅमिक ही एकाच उपचाराची निरनिराळी नावे आहेत.

ती तशी नाहीत. एलईडीचा सौम्य दिवा निराळा. आणि अमिनोलेव्हुलिनिक आम्लासारखे द्रव्य प्रथम त्वचेत मुरवून मग तीवर प्रकाश सोडण्याचा फोटोडायनॅमिक उपचार निराळा. हा दुसरा उपचार तीव्र असून त्यानंतर सुमारे ४८ तास ऊन आणि प्रखर प्रकाश टाळावा लागतो. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी, मध्यम ते तीव्र मुरुमे असलेल्या प्रौढांना इतर उपाय लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील, तरच त्याचा विचार करण्याची मुभा दिली आहे. तैलग्रंथींनाच लक्ष्य करणारा १,७२६ नॅनोमीटरचा लेसर अमेरिकेत २०२२ साली मान्य झाला. तर खड्ड्यांसाठी वापरला जाणारा लेसर व्रण सपाट करण्याकरिता आहे, नवी मुरुमे रोखण्याकरिता नव्हे. तेव्हा आपल्या चेहऱ्यावर यांपैकी नेमके काय वापरले जाणार, हे विचारून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गैरसमज : या प्रकाशात अतिनील किरण नसतात, म्हणून सावळ्या वर्णास काहीच धोका नाही.

आपल्यासाठी ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ४१५ नॅनोमीटरच्याच निळ्या-जांभळ्या प्रकाशाने गव्हाळ त्वचेवर गडद आणि दीर्घकाळ टिकणारे डाग उमटू शकतात, तांबड्या प्रकाशाने तसे उमटत नाहीत, असे २०१४ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. मुरूम जाते आणि मागे काळा डाग ठेवते, हेच ज्यांचे मुख्य दुःख, त्यांच्यावर निळ्या दिव्याची मात्रा बेताने आणि आधी लहानशा जागी अजमावूनच वापरली पाहिजे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. घरगुती वापराचा असा एक प्रकाश-मुखवटा २०१९ साली अमेरिकेत बाजारातून परत बोलावण्यात आला, तो विशिष्ट नेत्रविकार असलेल्यांच्या आणि प्रकाशसंवेदना वाढवणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोळ्यांस अपाय होण्याची शक्यता दिसल्यामुळे. म्हणून डॉक्सिसायक्लिनसारखी कोणतीही गोळी चालू असल्यास ते आधीच सांगावे.

गैरसमज : प्रकाशच हवा, तर मराठवाड्याचे ऊन काय वाईट?

उन्हात निळ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणही येतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना ते डाग अधिकच काळे करतात. म्हणूनच शहरातील जालना रोडवर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली चेहऱ्याला ओढणी घट्ट गुंडाळतात. ऊन त्याने अडते खरे, परंतु न धुतलेले, घामाने भिजलेले कापड हनुवटीवर दिवसभर घासत राहिले, तर तेथेच नवी मुरुमे उठतात. ओढणी सुती असावी, सैल बांधावी आणि रोज धुवावी. तिच्या आत सनस्क्रीन असावे.

गैरसमज : दिवे सुरू केले की औषधे आणि तपासण्या अनावश्यक.

जिची पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत, तिच्या मुरुमांचे मूळ संप्रेरकांच्या असंतुलनात, बहुधा पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात, असण्याचा संभव असतो, आणि कोणताही दिवा तेथवर पोहोचत नाही. दुसरे मूळ औषधांच्या दुकानात सापडते. गोरेपणासाठी म्हणून मैत्रिणीने सुचवलेल्या कित्येक क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असते. प्रथम चेहरा उजळतो, मग क्रीम थांबवताच लाली, आग आणि मुरुमे उसळतात, आणि त्या धास्तीने पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती बिनदिक्कत हाती पडतात. याउलट बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलिन ही पुराव्याने सिद्ध झालेली औषधे ८ ते १२ आठवड्यांची मुदत मागतात, आणि पुष्कळजण तिसऱ्याच आठवड्यात ती टाकून देतात. आयसोट्रेटिनॉइनची गोळी प्रभावी आहे, परंतु गर्भावर तिचा गंभीर दुष्परिणाम होतो. तेव्हा गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रीने तो डॉक्टरांपासून लपवू नये.

असे असता क्रम काय असावा? १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या घाटीच्या, त्वचारोग विभागात किंवा विश्वासू तज्ज्ञाकडे आधी निदान करून घ्यावे. आजवर लावलेल्या प्रत्येक ट्यूबची वेष्टने सोबत न्यावीत. सांगितलेली औषधे पुरती तीन महिने घ्यावीत. त्यानंतरही दाह उरला, किंवा औषधे सोसली नाहीत, तर प्रकाशोपचाराचा विचार अवश्य करावा, आणि पैसे भरण्यापूर्वी तरंगलांबी कोणती, बैठका किती, एकंदर खर्च किती, यंत्र कोण चालवणार, हे चार प्रश्न विचारावेत. पहिल्या बैठकीपूर्वी आणि नंतरही एकाच खिडकीशी, दिवसाच्या एकाच वेळी काढलेली छायाचित्रे जवळ ठेवली, तर फरक पडला की नाही याचा निवाडा दुसऱ्या कोणाच्या शब्दावर सोपवावा लागत नाही. प्रौढपणीची मुरुमे हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे आणि लाज वाटण्याजोगी गोष्टही नव्हे; तो दीर्घकाळ चालणारा, परंतु आटोक्यात येणारा विकार आहे, आणि त्याच्यावर होणारा पहिला खर्च निदानावरच व्हावा.