चैत्राचा सुगंध आणि कुपीतले तेल

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर शहरात गुलालाच्या बरोबरीने आणखी एक ओळखीचा गंध दरवळत असतो. तो दवण्याचा. शहराच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते, सासनकाठ्या नाचविल्या जातात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि देवाला वाहिलेला दवणा प्रसाद म्हणून घेऊन यात्रेकरू आपापल्या गावी परततात. बसच्या गर्दीतही कुणाच्या पिशवीत दवणा आहे हे विचारावे लागत नाही.

याच महिन्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या राजारामपुरीच्या क्रमांकाच्या गल्ल्यांतून संध्याकाळी हळदीकुंकवाची लगबग चालू होते. चैत्र शुद्ध तृतीयेला बसविलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर असते. येणाऱ्या सुवासिनींना कैरीची डाळ, पन्हे आणि भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी देण्याची, मनगटाला अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याची रीत जुनी आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर शरीराला थंडावा आणि मनाला प्रसन्नता देणारी वस्तू पाहुण्यांना द्यावी, हे या रीतीमागील साधे व्यवहारज्ञान होय.

अलीकडे या देण्याघेण्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. सुगंधी तेलांच्या छोट्या कुप्या, सुबक डबीत तीन किंवा चार अशा बसवून, वाण म्हणून दिल्या जातात. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताणतणाव नाहीसा करणारे’ अशी विशेषणे त्यांवर छापलेली असतात. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका चैत्रात अशीच एक कुपी आली. तीवर ‘शुद्ध मोगरा तेल’ असे लिहिलेले होते. कागदावर टाकलेल्या तिच्या एका थेंबाचा तेलकट डाग आठवडाभर तसाच राहिला, सुगंध मात्र दुसऱ्याच दिवशी उडून गेला. कुपीत नेमके काय असते, कोणत्या वनस्पतीचे तेल खरोखर काढता येते आणि कोणते स्वस्तात मिळूच शकत नाही, हे गृहिणीला आणि शेतकऱ्यालाही ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तेल म्हणजे काय?

खोबरेल किंवा करडई तेल कागदावर पडले की डाग कायम राहतो. ही स्थिर तेले होत. वनस्पतींच्या पानांत, मुळांत, सालीत वा फुलांत सूक्ष्म पेशींमध्ये साठलेली सुगंधी तेले निराळी. ती हवेत उडून जातात, म्हणून त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. ती काढण्याची मुख्य रीत ऊर्ध्वपातनाची. वनस्पती भांड्यात भरून तीतून पाण्याची वाफ सोडली असता वाफेबरोबर तेलही वर जाते. वाफ थंड केली की पाणी आणि तेल वेगळे होतात आणि बहुतेक तेले पाण्यावर तरंगतात. उरलेल्या पाण्यालाही मंद सुगंध असतो. गुलाबपाणी हे असेच मिळणारे सुगंधी जल आहे.

अत्तर हा याच विद्येचा भारतीय आविष्कार. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे तांब्याच्या ‘देग’मध्ये फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ ‘भपक्या’त येते. हा भपका गार पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात परंपरेने चंदनाचे तेल असते. फुलांचा गंध त्या तेलात मुरतो. चंदन महाग झाल्यामुळे आता अनेक ठिकाणी इतर द्रव्ये आधार म्हणून वापरली जातात. तेव्हा ‘अत्तर’ या शब्दावरून आत चंदन आहे असे गृहीत धरता येत नाही.

दवणा

दवण्याचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. शेवंतीच्या कुळातील ही हातभर उंचीची, राखाडी-हिरव्या कातरलेल्या पानांची वनस्पती आहे. संस्कृतात तिला दमनक म्हणतात. चैत्रात देवाला दमनक अर्पण करण्याचा विधी धर्मग्रंथांत सांगितलेला आहे आणि जोतिबाचा दवणा हे त्याचे लोकांनी जिवंत ठेवलेले रूप मानावयास हरकत नाही. हे पीक थंडीच्या आरंभी घेतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते फुलावर येते. म्हणजे यात्रेचा हंगाम आणि दवण्याचा हंगाम यांची गाठ सृष्टीनेच घालून दिलेली आहे.

फुलावर आलेला दवणा कापून, सावलीत थोडा सुकवून त्याचे तेल काढतात. ताज्या वनस्पतीच्या वजनाच्या मानाने ते फारच थोडे, शेकडा अर्ध्याहूनही कमी निघते. त्यातील मुख्य संयुगाचे ‘दावानोन’ हे नावच दवण्यावरून पडलेले आहे. पिकलेल्या फळासारखा गोडसर गंध असलेले हे तेल जगाच्या बाजारात मुख्यतः भारतातूनच जाते. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू ही त्याच्या लागवडीची प्रमुख राज्ये होत. एकच तेल निरनिराळ्या माणसांच्या त्वचेवर निरनिराळे दरवळते, असा अनुभव सुगंधतज्ज्ञ सांगतात. परदेशी कारखानदार ज्या द्रव्यासाठी मोठी किंमत मोजतात, ते आपल्याकडे दाराशी जुडीने विकावयास येते आणि चार दिवसांनी निर्माल्यात जाते, याचा आपण क्वचितच विचार करतो. दवण्याची वाळलेली काडी कपड्यांच्या पेटीत ठेवल्यास गंध पुष्कळ दिवस टिकतो. आपल्या आज्या तसे करीत असत.

मोगऱ्याचे गणित

उन्हाळ्याचे फूल म्हटले की मोगरा. पण हे फूल वाफेला दाद देत नाही. उष्णतेने त्याच्या नाजूक गंधाचे रूप पालटते. मोगऱ्याची कळी खुडल्यानंतरही उमलते आणि संध्याकाळपासून गंध सोडू लागते. म्हणून कळ्या सकाळी तोडून, उमलू लागल्यावर विद्रावकात बुडवितात. विद्रावक उडवून लावल्यावर मेणासारखा गोळा उरतो आणि अल्कोहोलच्या साहाय्याने त्यातून शुद्ध सुगंधी अर्क मिळवितात. मदुराई-कोइमतूरकडे हा उद्योग चालतो. एक किलो अर्कासाठी साधारणपणे हजार किलोच्या आसपास कळ्या लागतात.

आता वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. दहा ग्रॅम अर्कासाठी सुमारे दहा किलो कळ्या हव्यात. फुलबाजारातील मोगऱ्याच्या किलोच्या भावाला दहाने गुणिले म्हणजे नुसत्या कळ्यांचीच किंमत कळेल. मजुरी, विद्रावक, यंत्रे आणि नफा पुढेच राहिला. एवढ्या आकड्यापुढे कुपीची किंमत क्षुल्लक असेल, तर आत कृत्रिम सुगंध आणि साधे तेल आहे असे समजावे. कृत्रिम सुगंध म्हणजे फसवणूक असे नव्हे. तो कारखान्यात तयार होतो, स्वस्त असतो आणि हौसेला पुरेसा असतो. फसवणूक आहे ती ‘शुद्ध’ या शब्दात. मोगरा द्यावयाचा तर गजराच द्यावा. तो खोटा असू शकत नाही.

वाळा

वाळ्याची गोष्ट अधिक समाधानाची आहे. वाळा हे गवत आहे. त्याचे पान गंधहीन, पण जमिनीत सरळ खोल जाणाऱ्या मुळ्यांचे जाळे सुगंधी. उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. दारे-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. ओल्या मुळ्यांतून वारा गेला की पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता भोवतालच्या हवेतून ओढली जाते. म्हणून खोली गार होते. हवा कोरडी असेल तरच हे साधते. देशावरच्या दुपारी ताट्याने मिळणारा गारवा कोकणातील दमट दुपारी मिळत नाही, तो यामुळेच.

वाळ्याचे तेल जड असते आणि मुळ्यांतून सावकाश सुटते. त्यासाठी भट्टी दिवसभर, कधी त्याहूनही अधिक वेळ पेटती ठेवावी लागते. वाळलेल्या मुळ्यांच्या शेकडा एकाच्या आतबाहेर तेल निघते, म्हणजे दहा ग्रॅमच्या कुपीमागे किलोभर मुळ्या. उत्तर भारतातील रानवाळ्याचे तेल आणि दक्षिणेकडील लागवडीच्या वाळ्याचे तेल गंधाने आणि गुणधर्माने वेगळे ओळखू येते. हैती आणि जावा हेही या तेलाचे मोठे उत्पादक आहेत.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. वाळ्याच्या मुळ्या माती घट्ट धरून ठेवतात, म्हणून बांध, नाल्यांचे काठ आणि रस्त्यांच्या उतारांवर मृद्संधारणासाठी वाळा लावण्यात येतो. त्याच मुळ्या तेलासाठी किंवा जुड्यांसाठी खणून काढल्या तर वळवाच्या पहिल्या सरीत काठ वाहून जातो. तेलासाठीचा वाळा वेगळ्या सपाट शेतात, दीड वर्षाच्या बेताने काढण्यासाठी लावावा आणि बांधावरच्या वाळ्याला हात लावू नये. मुळ्या काढल्यावर वरचे ठोंब लगेच पुन्हा लावता येतात, म्हणजे बेण्याचा खर्च वाचतो. वाळ्याचे पंखे, आसने, तोरणे हा हातांना काम देणारा घरगुती उद्योग आहे. महिला बचत गटांना त्यासाठी ना भट्टी लागते ना मोठे भांडवल.

खानदेशचे रोशा तेल

सुगंधी तेलांचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडील डोंगराळ भागात रोशा नावाचे गवत माजते. पावसाळा सरता सरता ते फुलावर आले की ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. संधिवातावर चोळण्यास ते वापरीत. पण त्याची खरी मागणी दूरची होती. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी खपे. रोशात जिरॅनिऑल हा गुलाबातही आढळणारा घटक शेकडा पंचाहत्तरहून अधिक असतो. त्यामुळे भेसळ नाकाला सहसा ओळखू येत नसे. आता वायुवर्णलेखन पद्धतीने तेलातील घटक एकेक करून मोजता येतात, आणि रोशाही भेसळीचे द्रव्य न राहता स्वतःच्या नावाने विकले जाते.

त्याचाच भाऊबंद गवती चहा. परसातल्या या गवताच्या तेलात सिट्राल शेकडा सत्तरहून अधिक असते आणि त्यापासून जीवनसत्त्व ‘अ’ तयार करतात. दोन-तीन किलो ताज्या पात्यांतून दहा ग्रॅम तेल निघू शकते, म्हणून ते स्वस्त असूनही खरे असू शकते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध वनस्पती संस्थेने या दोन्ही गवतांचे सुधारित वाण दिले आहेत. हलक्या जमिनीत येणारी आणि गुरे सहसा तोंड न लावणारी ही पिके असली, तरी जवळपास ऊर्ध्वपातनाची सोय आणि खात्रीचा खरेदीदार असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाणे इष्ट नव्हे. कापलेले गवत तेलासाठी फार दिवस थांबत नाही.

उपचार की प्रसन्नता?

‘सुगंधोपचार’ हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरीस गातफॉसे यांनी रूढ केला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. नाकातील गंधज्ञानाचे तंतू मेंदूच्या भावना आणि स्मृतीशी निगडित भागांशी जोडलेले असल्याने सुगंधाने मन शांत होते, हे खरे. चिंता थोडी कमी होणे, झोप सुखाची लागणे एवढ्यापुरता त्याचा उपयोग होऊ शकतो. ताप, दमा, रक्तदाब यांवर तेलाची कुपी हा इलाज नाही. दमा असलेल्यांना तर उग्र वासाने धापही लागते.

मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. कापूर किंवा निलगिरीचे तेल थोडेसेही पोटात गेल्यास लहान मुलाला आकडी येऊ शकते. ही कुपी दिसावयास खेळण्यासारखी असते, म्हणून ती कुलपात ठेवावी. मुलाने तेल प्यायल्यास उलटी करवू नये. कुपी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. अर्भकाच्या नाकाजवळ कापूर वा पुदिन्याचे सत्त्व लावू नये. मोठ्यांनीही बाष्पनशील तेल निर्भेळ स्वरूपात अंगाला चोळू नये. दहा मिलिलिटर खोबरेलात दोन ते चार थेंब पुरेत. लिंबाच्या जातीच्या फळांच्या सालीतून दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. वैशाखात हे विसरून चालणार नाही. ही तेले पेट घेतात, म्हणून समईपासून दूर असावीत.

कुपी विकत घ्यावयाचीच असेल तर वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा वापरलेला भाग, तेल काढण्याची पद्धत आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता पाहावा. काच गडद रंगाची असावी. कागदावरच्या थेंबाने स्थिर तेलाची भेसळ कळते, पण कृत्रिम सुगंध कळत नाही. शिवाय वाळा आणि चंदन यांच्या शुद्ध तेलाचाही डाग बराच काळ टिकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

राजारामपुरीतील हळदीकुंकवाला यंदा वाण काय द्यावे, असे कुणी विचारल्यास सुती कापडात बांधलेली वाळ्याची जुडी, दवण्याची काडी आणि हौस असल्यास गवती चहाच्या तेलाची एक छोटी, नावानिशी कुपी सुचविता येईल. वाळा प्रथम दोनदा स्वच्छ धुवावा आणि मगच माठात सोडावा. दर दोन दिवसांनी बाहेर काढून कडक उन्हात वाळविला म्हणजे तो बुळबुळीत होत नाही. गंध सरला की तीच जुडी खिडकीत टांगून पाणी शिंपडण्यासाठी मृगापर्यंत उपयोगी पडते.