यंत्राची झोंप

मुरगूडास वेदगंगेच्या कांठीं आमच्या कुटुंबाचा थोडा ऊस आहे. त्या उसांत माझ्या पुतण्यानें गेल्या उन्हाळ्यांत एक लहानशी पेटी बसविली. तिच्यांतून निघालेल्या दोन सळया मातींत गेलेल्या. दर तासाला जमिनीची ओल मोजावी, ती बिनतारी संदेशानें घरीं कळवावी आणि पुढचा तास भरेपर्यंत स्वस्थ बसावें, एवढेंच तिचें काम. आंत दोन साधे सेल. ते वर्षभर पुरतील असें पुतण्या म्हणाला होता. ते पांचव्या रात्रींच संपले. नवे घातले, तेहि तितकेच टिकले. तिसऱ्या खेपेस आम्ही दोघे परगांवीं होतों. पेटी मुकी झाली हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं; घरच्या मंडळींनीं शेवटच्या आंकड्यावर विसंबून पाणी सोडलें नाहीं आणि वैशाखांतले नऊ दिवस ऊस तसाच उभा राहिला. शेंडे करपलेले पाहिल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आतां भारी किंमतीचे सेल आणतों." मी म्हणालों, "बाळ, आधीं भागाकार कर."

सेलांचा सांठा सुमारें २४०० मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे एक मिलिअँपिअर प्रवाह घेत राहिल्यास २४०० तास पुरेल इतका. पेटीचा मेंदू जागा असतां २० मिलिअँपिअर घेतो. २४०० भागिले २० म्हणजे १२० तास. बरोबर पांच दिवस! जिला आम्ही तासातासाला निजणारी समजत होतों ती पेटी क्षणभरहि निजली नव्हती. पुतण्याची आज्ञावली उघडून पाहतां चोर तेथेंच सांपडला. दोन मोजण्यांच्या मधल्या वेळांत ती एकच प्रश्न विचारीत होती: तास भरला काय? भरला काय? आणि हें सेकंदाला हजारों वेळां. निपाणीची गाडी लागली काय म्हणून स्टँडवरच्या खिडकीपाशीं अखंड विचारीत उभें राहणाऱ्या गृहस्थासारखाच हा प्रकार. गाडी त्यामुळें लवकर येत नाहीं, पाय मात्र दुखतात.

अशा यंत्रांत निरनिराळ्या कामांचा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते तिला कर्नल म्हणतात. लष्करांतल्या कर्नलाशीं तिचा संबंध नाहीं. हा इंग्रजी शब्द बींतल्या गराचा आहे. आमच्या पेटींत फ्रीआरटीओएस नांवाचा कर्नल आहे. रिचर्ड बॅरी यांनीं तो २००३ च्या सुमारास रचण्यास आरंभ केला. एखाद्या कामास थांबायचें असेल तर त्यानें स्वतः घड्याळाकडे पाहत न बसतां "मला तासानें उठव" एवढें कर्नलला सांगून बाजूस व्हावें, अशी रीत आहे. सारींच कामें याप्रमाणें बाजूस झालीं म्हणजे कर्नल मेंदूला निजण्याची आज्ञा देऊं शकतो. पुतण्यानें तशी दुरुस्ती केली. प्रवाह २० वरून ३ मिलिअँपिअरवर आला, सेल महिनाभर टिकूं लागले. त्याला आनंद झाला. मला नाहीं, कारण निजलेल्या यंत्राला तीन मिलिअँपिअर कशाला लागावे?

येथें खरी गंमत आहे. कर्नलला वेळेचें भान राहावें म्हणून ठराविक अंतरानें एक ठोका पडतो; आमच्या पेटींत सेकंदाला १०००. प्रत्येक ठोक्याला मेंदू डोळे उघडतो, कांहीं काम नाहीं असें पाहतो आणि पुन्हां मिटतो. सुटींत शाळा ओस पडलेली असतांहि शिपायानें दर मिनिटाला घंटा बडवावी, तसें हें. अशा मनुष्याला गाढ झोंप कोठून लागणार? मोठ्या संगणकांनाहि ही खोड होती. लिनक्स कर्नलच्या २.६ मालिकेनें २००३ मध्यें सामान्य संगणकावरील ठोके सेकंदाला १०० वरून १००० केले. पुढें २००७ च्या २.६.२१ या आवृत्तींत, काम नसतां ठोके बंद ठेवण्याची सोय आली. युक्ति सोपी आहे: पुढचें काम केव्हां आहे तें पाहावें, तेवढ्या वेळेचा एकच गजर लावावा आणि उठल्यावर मधले ठोके एकदम जमेस धरावे. फ्रीआरटीओएसमध्येंहि ही सोय आहे. ती चालू करावी लागते, इतकेंच.

मात्र गाढ झोंप फुकट मिळत नाहीं. जितकें गाढ निजावें तितका उठण्यास वेळ व उठण्यापायीं वीज अधिक. कांहीं अवस्थांत तर स्मरणहि पुसलें जातें. दोन क्षणांसाठीं अंथरूण घालणें तोट्याचें, हा हिशेब कर्नलनेंच करावयाचा. शिवाय बिनतारी संदेश अर्धा गेला असतां निजून चालत नाहीं. म्हणून यंत्राच्या प्रत्येक भागाला "आतां नको" म्हणण्याचा अधिकार असतो. अधिकार वापरून तो परत न करणारा एक भाग सर्वांना जागें ठेवतो. अँड्रॉइड मोबाइलांत याच अधिकाराची व्यवस्था कशी असावी यावर लिनक्सच्या जाणकारांत कित्येक वर्षें वाद चालला. २०१२ मध्यें ३.५ या आवृत्तींत तिच्याशीं जुळती सोय आली. आमच्या पेटींतहि शेवटीं असाच हट्टी भाग निघाला. संदेश गेल्यावर बिनतारी यंत्र बंद करण्याची ओळच राहून गेली होती.

ऊस करपला तर तो पुन्हां लावतां येतो, सेलहि बदलतां येतात. पण जेथें बदलण्यास जातां येत नाहीं तेथें काय? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला, सुमारें एक किलो वजनाचा "स्वयं" उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ नें आकाशांत गेला. दहा सेंटीमीटर बाजूच्या अशा घनाच्या एका पृष्ठावर समोरून पडणारें सूर्याचें तेज जेमतेम १४ वॅट. सौरपट्टीनें त्यांतून चौथ्या हिश्शाच्या आसपास वीज काढली तर घरांतला एक एलईडी दिवाहि धड पेटणार नाहीं. त्यांत सुमारें पंचाण्णव मिनिटांच्या प्रत्येक फेरींत अर्ध्या तासाहून अधिक काळ पृथ्वीची सावली. अशा संसारांत कोणता भाग केव्हां जागा असावा यावरच सारें अवलंबून. या विद्यार्थ्यांचें मला विशेष कौतुक वाटतें तें याचें, कीं उपग्रहाचें तोंड ठराविक दिशेस ठेवण्याचें काम त्यांनीं चुंबकांवर सोंपविलें. तेथें वीज लागूंच दिली नाहीं.

आतां आमची पेटी निजतांना ०.०१ मिलिअँपिअर घेते आणि तासाला पांच सेकंद १०० मिलिअँपिअर. सरासरी साधारण ०.१५; कागदावर बावीस महिने. सेल आपल्या आपणहि थोडे झिजतात, तेव्हां प्रत्यक्षांत कमी धरावे. पुतण्याला दर पंधरा मिनिटांनीं आंकडे हवे आहेत, म्हणजे सहा महिनेच. माझें म्हणणें, आमच्या काळ्या मातीची ओल तीन तासांत कांहीं पळून जात नाहीं. तूर्त तासावर तडजोड झाली आहे.