व्हीजीटी टर्बो बसवला, पण मोजलं काय?

फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वर्कशॉपमध्ये उघडलेलं असेल. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. त्याचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त दिसले: साध्या टर्बोचं ७५ पीएसचं आणि व्हीजीटीचं ९० पीएसचं. ७५ वाली स्विफ्ट चालवलेल्यांना माहितीय, २००० आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली असते. मग प्रोजेक्टची कल्पना सुचतेच: ७५ वर ९० चा टर्बो बसवू, डायनोवर आधीचा-नंतरचा आलेख काढू, झालं!

एवढ्यावर संशोधन होत नाही. का, ते बघू.

साध्या टर्बोत टर्बाइनकडे जाणारी वाट ठरलेली असते. व्हीजीटीमध्ये टर्बाइनच्या चाकाभोवती फिरणाऱ्या पात्या, म्हणजे व्हेन, असतात. कमी आरपीएमला त्या मिटल्या की वाट अरुंद होते, एक्झॉस्ट वायू जोरात चाकावर आदळतो आणि बूस्ट लवकर तयार होतो. जास्त आरपीएमला त्या उघडायच्या, नाहीतर एक्झॉस्ट तुंबतो.

हे तुंबणंच खरा मुद्दा आहे. इनटेकला सेन्सर असतो म्हणून बूस्ट सगळे मोजतात. टर्बाइनच्या आधीचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब फार कमी जण मोजतात. व्हेन जास्त मिटवल्या तर बूस्ट छान दिसतो, पण पिस्टनला एक्झॉस्ट बाहेर ढकलायलाच ताकद घालवावी लागते. त्यामुळे मॅनिफोल्डला एक टॅपिंग घ्याच. सेन्सर थेट लावू नका, जळेल. मध्ये लांब स्टीलची नळी गुंडाळून घाला. दोन्ही दाब एकाच आलेखात आले की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

आता जोडणी. साधा वेस्टगेट बूस्टच्या दाबानेच उघडतो. व्हीजीटीला मात्र व्हेन किती मिटवायच्या हे ईसीयूने सतत सांगावं लागतं, म्हणजे टर्बोबरोबर सोलेनॉइड, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि नवा मॅप हे सगळं आलं. व्हॅक्यूमच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये सहसा व्हॅक्यूम दिला की व्हेन मिटतात, नळी निसटली की उघडतात. हातपंपाने व्हॅक्यूम देऊन रॉड कुठे हलायला लागतो आणि कुठे टेकतो हे इंजिन सुरू करण्याआधी वहीत लिहा. रॉड अडकत असेल तर आत काजळी आहे, आधी ती काढा. व्हेन पूर्ण मिटू नयेत म्हणून एक स्टॉप स्क्रू असतो. तो कारखान्यात फ्लो मोजून लावलेला असतो, त्याला हात लावू नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्या टेस्ट बेंचवर सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी रॉडची लांबी दोन आटे बदलली आणि कुठेच लिहिलं नाही. मी सोलेनॉइडची ड्यूटी सायकल हीच व्हेनची स्थिती धरून चाललो होतो. आधीचं ६० टक्के आणि नंतरचं ६० टक्के एक राहिलंच नाही. दोन महिन्यांचा डेटा गेला. (गाईडनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.) त्यानंतर रॉडवर पोझिशन सेन्सर लावला.

ट्यूनिंगला थेट पीआयडीपासून सुरुवात करू नका. आधी आरपीएम आणि इंधन स्थिर ठेवून व्हेन एकेक पायरी मिटवत न्या आणि प्रत्येक वेळी दोन्ही दाब व हवेचं प्रमाण नोंदवा. यातून मूळ मॅप मिळतो, पीआयने फक्त उरलेली चूक भरायची. व्हेन टोकाला टेकलेल्या असताना इंटिग्रल साचू देऊ नका, नाहीतर बूस्ट उसळतो.

ईजीआर चालू असेल तर अजून एक गंमत आहे. व्हेन अचानक मिटवल्या की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईजीआरमधून जास्त धूर इनटेकला जातो आणि ताजी हवा आधी कमी होते. टर्बो वेगात आल्यावर मग वाढते. घाईचा कंट्रोलर ही घट बघून व्हेन आणखी मिटवतो आणि झोके सुरू होतात. स्वीडनमधल्या लिनशोपिंग विद्यापीठाच्या वालस्ट्रॉम आणि एरिकसन यांचं २०११ चं मॉडेल याच वागण्यावर आहे. इंजिन हाताशी नसेल तर ते सिम्युलिंकमध्ये चालवून ही घट आधी स्वतः बघा, ईजीआर बंद करून परत बघा, आणि मगच बेंचची वेळ मागा.